खुब्याचं हाड

आमच्या वाडीत आजारी पडायचं असेल तर आधी दाराबाहेर बघून घ्यावं लागतं. पाऊस किती आहे, ओढ्याला पाणी किती आहे, आणि मुख्य म्हणजे घरोघरी बाप्ये किती शिल्लक आहेत. कारण आमच्याकडं रस्ता नाही. मार्गासनीच्या पुढं डांबरी सोडली की डोंगराच्या अंगानं एक पायवाट वर चढते आणि जिथं दमून थांबते तिथं आमची वाडी. निवडणूक आली की रस्ता येतो, म्हणजे त्याची बातमी येते. मतं पडली की बातमी आल्या पावली परत जाते. आम्हीही आता तिला चहाला थांब म्हणत नाही.

आजारी माणूस खाली न्यायचा तर जाड वेळूला घोंगडी बांधून झोळी करायची, तिच्यात माणूस निजवायचा आणि वेळू खांद्यावर घेऊन उतरायचं. पुढं एक, मागं एक, बदलायला बाकीचे. ह्या झोळीला आमच्याकडं रिवाज आहे. प्रत्येक घरानं एक खांदा द्यायचा. बांधावरून डोकी फुटलेली असोत, बोलणं बंद असो, झोळीला नाही म्हणायचं नाही. पेरणी असो की लग्न, हाक आली की उठायचं.

आमच्या घरचा खांदा मात्र कधी लागला नाही. वडील लवकर गेले. घरात बाप्या मी एकटा, आणि माझा डावा पाय लहानपणच्या पोलिओनं चार बोटं आखूड राहिलेला. मी चालायला लागलो की अनोळखी माणसाला वाटतं, ह्यानं सकाळीच लावलेली दिसते. ‘कुंडलिक झोळीला लागला तर आतलं माणूस हिंदकळूनच मरंल,’ असं आमच्या वाडीतला मानसिंगदादा म्हणायचा. मला राग यायचा, पण ते खोटं नव्हतं. मग मी घराच्या पडवीत बिडी-काडी, साबण, बिस्किटं असं दुकान टाकून बसलो. लग्नाचं कुणी विचारलं नाही. लंगडा, आणि वर राहायला डोंगरावर; एवढ्या दोन गोष्टी एकदम पत्करणारी मुलगी अजून जन्माला यायची आहे.

खांद्याच्या बदली आमच्या घरातून आई जायची. फुलाबाई. बाईला झोळीचा वेळू देत नाहीत, म्हणून ती पाण्याचा कॅन आणि भाकरीचं फडकं घेऊन झोळीपुढं चालायची. वाटेत आलेली काटेरी फांदी कोयत्यानं छाटायची, निसरड्या दगडावर माती टाकायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ‘खांदा न्हाई तर न्हाई, पानी तरी आपल्या घरचं पायजे,’ एवढंच ती म्हणायची. वाडीतून जितकी माणसं झोळीतून खाली गेली, तितक्या वेळा ती पुढं चालली.

हे आधी सांगून ठेवलं, कारण त्याशिवाय आईनं ह्या वर्षी जे केलं ते कुणाच्या डोक्यात शिरणार नाही. माझ्या तर अजून पुरतं शिरलेलं नाही.

आषाढात लावणी सुरू झाली. आमच्याकडं लावणी सावडीनं होते. आज सगळे मिळून माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. मानसिंगदादाच्या खाचरात लावणी चालली होती तेव्हा रोपांच्या जुड्यांची पाटी डोक्यावर घेऊन जाताना आई बांधावरून घसरली आणि उजव्या कुशीवर दगडावर पडली. बायकांनी धरून उठवलं. ती थोडा वेळ बांधावर बसली, तोंड पांढरं पडलं होतं, पण म्हणाली, ‘मुका मार हाय.’ संध्याकाळी निरगुडीचा पाला गरम करून शेकलं. दुसऱ्या दिवशी तिनं कुडातली एक काठी उपसली, तिच्यावर भार देऊन उभी राहिली आणि मला हसून म्हणाली, ‘आता घरात दोगं शोबतो. तू डावा, म्या उजवी.’

आणि लावणीला गेली. आधी दोन-चार दिवस बांधावर बसून जुड्या बांधल्या, मग पाण्यात उतरली. चिखलात एक पाय ओढत मागं मागं सरकत रोपं लावायची. मी म्हटलं, खाली जाऊन डॉक्टरला दाखवू. ‘लावनी उरकू दे.’ लावणी उरकली. ‘आता गौरी जाऊ देत.’ मीही सोडून दिलं. म्हातारं माणूस आणि पाय दुखतोय, ह्यात काय नवल आहे? माझा तर जन्मापासून दुखतो.

श्रावणात मानसिंगदादाची सून वैष्णवी अडली. झोळी निघाली तशी आई कॅन घेऊन पुढं. मी दारात आडवा झालो, म्हटलं, तुला धड अंगणात चालता येत नाही. ती माझ्यावरच खेकसली, ‘मानसिंगाच्या घरची झोळी हाय. आपलं पानी नको?’ आणि गेली. वैष्णवी सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली, सगळी माणसं रात्रीपर्यंत परत आली. आई दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आली. एवढा वेळ कुठं होतीस म्हटल्यावर म्हणाली, खाली ओळखीच्या बाईकडं गप्पा मारत बसले. मला पटलं. आई गप्पांना बसली की बसली, हे साऱ्या वाडीला माहीत आहे.

गौरी गेल्या. एके सकाळी ती म्हशीला पाणी दाखवायला म्हणून ओट्याची पायरी उतरली. घसरली नाही, ठेचकाळली नाही, पाय टेकवला आणि सरळ खालीच बसली. मी धावलो, म्हणजे मला जमेल तसा धावलो. तिचा उजवा पाय बाहेरच्या अंगाला कलंडला होता आणि आखूड दिसत होता. ओरडणं नाही, काही नाही. माझ्याकडं बघून तिनं एकच शब्द काढला. ‘झालं.’

मला वाटलं, पडले, एवढंच तिला म्हणायचं आहे.

मानसिंगदादानं हाका मारल्या. पण वाडीत हल्ली हाका मारून येणार कोण? तरणी पोरं शिरवळला कंपन्यांत, गणपतीला आली आणि विसर्जनाआधीच ड्युटीवर गेली. जमले ते मानसिंगदादा धरून चौघे, त्यातल्या एकाला दमा. निम्म्या वाटेत तो बसला. मग मी वेळूखाली खांदा घातला. झोळीतून आई ओरडली, ‘त्येला नगा लावू रं, पडंल त्यो!’

पण मी पडलो नाही. आमची वाट डोंगराच्या कुशीतून आडवी जाते. उतरताना डोंगर डाव्या हाताला असतो, त्यामुळं वाटेची डावी कड उंच आणि उजवी खोल. बाकीचे त्या कलत्या वाटेवर वाकडेतिकडे होत चालले होते, आणि माझा आखूड पाय नेमका उंच कडेवर. आयुष्यात पहिल्यांदा मी सरळ चालत होतो. मानसिंगदादा मागून ओरडला, ‘आयला, ही वाट काय कुंडलिकाच्या मापानं काडलीया का काय!’ सगळे हसले. झोळीतून आईसुद्धा हसली. आणि खरं सांगतो, आई अशा हालात असताना मला थोडा वेळ फार बरं वाटलं. आमच्या घरचा खांदा लागला होता.

खाली पप्पू टेम्पो घेऊन उभा होता. माझ्या दुकानाचा माल तोच आणतो. त्याच्या बहिणीचा हात भोरला एका दवाखान्यात बसवला होता, तिथं रेशनकार्डावर सरकारी योजनेत काम होतं असं तो म्हणाला. टेम्पोत गवत टाकून आईला निजवलं. प्रत्येक खड्ड्याला ती डोळे मिटायची. मानसिंगदादा तिचा पाय दोन्ही हातांनी धरून बसला होता.

दवाखान्याच्या दारात वॉर्डबॉयनं चाकाची खुर्ची आणली ती थेट माझ्यापुढं. ‘बसा काका.’ मी म्हटलं, ‘बाबा, म्या जुना माल हाय, मला दुरुस्ती न्हाई. पेशंट टेम्पोत हाय.’ असा आमचा भोरच्या दवाखान्यात प्रवेश झाला.

फोटो काढला. थोड्या वेळानं हाडांच्या डॉक्टरांनी मला आणि मानसिंगदादाला आत बोलावलं. तरुण होते. फोटो उजेडाला लावलेला.

‘कधी पडल्या?’

‘आज सकाळी.’

‘नाही.’

‘न्हाई कसं? माज्या डोळ्यांदेखत पडली.’

‘आज पडल्या असतील. पण हे हाड आज मोडलेलं नाही.’ त्यांनी पेनाच्या टोकानं फोटोवर दाखवलं. ‘हा खुबा. ही मोडलेल्या हाडाची टोकं. घासून घासून गुळगुळीत झाली आहेत. दोन-अडीच महिने तरी झाले असतील. मोडलेली टोकं एकमेकांत अडकून घासत होती, म्हणून पाय कसाबसा टेकत असणार. आज ती सुटली.’

मला डॉक्टर वेडा वाटला. दुसऱ्याच कुणाचा फोटो लावला असेल असं वाटलं. मी म्हटलं, ‘साहेब, ती चालत व्हती.’

‘घरातल्या घरात, ना? धरून धरून?’

‘न्हाई. लावनी केली तिनं. खाचरात...’ मी पुढं बोलायला लागलो आणि श्रावणावर येऊन माझी जीभच अडखळली. झोळीपुढं ती चालत गेली होती. सगळा डोंगर उतरली होती. आणि सगळा डोंगर चढून परत आली होती. गप्पा मारत बसली नव्हती. तिला वर यायला तेवढा वेळ लागला होता.

मी हे सांगितलं तसे डॉक्टर आमच्याकडं बघतच राहिले. आधी त्यांना आम्ही थापाडे वाटलो असू, मग त्याहून वाईट कुणीतरी. ‘अहो, ह्या दुखण्यात माणूस कूस बदलत नाही,’ ते म्हणाले, ‘तुम्ही तिला डोंगरावरून चालवलीत?’

मानसिंगदादा मटकन खाली फरशीवर बसला. एवढा दांडगा गडी, लहान पोरासारखा रडायला लागला. ‘माज्या सुनंची झोळी व्हती ती,’ तो म्हणाला. ‘ती म्होरं पाय वडत चालली व्हती. म्या मागनं दोन डाव वरडलो, काकी, बिगीबिगी चला. बिगीबिगी चला म्हनलो म्या तिला.’

डॉक्टरांचा आवाज मग खाली आला. तेव्हाच आणलं असतं तर दोन-तीन स्क्रूंवर भागलं असतं, ते म्हणाले. आता खुब्यातला गोळा मेला आहे, तो काढून नवा बसवावा लागेल. योजनेत होईल. ‘उठतील. वॉकर घेऊन चालतील. तुमचा डोंगर मात्र विसरा.’

मला त्यातलं निम्मंही ऐकू आलं नाही. मी तसाच वॉर्डात गेलो. आई खाटेवर आढ्याकडं बघत पडली होती. आजूबाजूला चार माणसं आहेत, हळू बोलावं, हे भान मला राहिलं नाही.

‘तुला ठाव व्हतं?’

तिनं मान वळवली. ‘काय?’

‘हाड मोडलंय म्हनून!’

‘व्हय की.’ जणू भाजीत मीठ घातलंय का असं मी विचारलं होतं. ‘पडले तवाच आवाज आला. वाळल्या काटकीवानी.’

‘मंग बोलली का न्हाईस?’

मागून मानसिंगदादा आला होता. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, ‘काकी, लावनी सोडून आलो असतो आमी. खांद्याला कदी न्हाई म्हटलंय का कुनी तुमास्नी?’

‘आला असतासा,’ आई म्हणाली. ‘म्हनून तर बोलले न्हाई. लावनीत माझ्यापायी समद्या घरची मानसं काडायची, रोपं वाळवायची, आन् कशासाटी? खाली नेऊन काय करनार व्हता? खुबा मोडला की बाई उठत न्हाई. पडून ऱ्हाती आन् जाती. म्या काय बगितलं न्हाई व्हय? मंग म्हटलं, टेकतोय तवर पाय टेकावा. एकदा बसले की संपलं.’

तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं, तक्रार नव्हती. मला तेच सहन होईना. श्रावणात ह्याच बाईनं मला चुलीपुढं बसवून भाकरी थापायला शिकवलं होतं. माझ्या भाकरीचे नकाशे बघून हसायची, पुन्हा पीठ मळायला लावायची. मी म्हणायचो, कशाला, तू आहेस की. ‘आसूं दे, शिकून ठेव.’ त्या दिवसांत तिच्या खुब्यात हाडावर हाड घासत होतं, आणि ती माझी दोन वेळची सोय लावून मरायच्या तयारीला लागली होती. भात लावून झालं, झोळीचं पाणी देऊन झालं, पोराला भाकरी येते. मग ओट्यावर ‘झालं’ म्हणाली ती ह्याला. संताप इतका आला की खाटेचा दांडा धरून उभा राहिलो, नाहीतर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

आणि एवढं होऊन बाई ऑपरेशनला तयार होईना. डॉक्टरांनी समजावलं. ती बाजारात नको असलेल्या वस्तूचा भाव ऐकावा तशी ऐकत राहिली. अश्विनी नावाची सिस्टर होती, आमच्या वेल्ह्याकडचीच, तिनं आईच्या भाषेत समजावलं. ‘आजी, हाड बदलत्यात, मग चालता येतंय.’ आई तिच्या गालावर हात फिरवून म्हणाली, ‘गुनाची हायेस. पर मला घरी लावून दी. माज्या घोंगडीवर बरी हाय मी.’ संमतीच्या कागदावर उठवायचा अंगठा पदराखाली दडवून बसली. मानसिंगदादाची गुरं वर तशीच होती, तो दुसऱ्या दिवशी परत गेला. जाताना आईच्या पाया पडला.

मी हरलो होतो. डॉक्टर म्हणाले, जितके दिवस पडून राहतील तितकं वाईट, पाठीला जखमा होतील, छातीत कफ धरेल, उद्यापर्यंत सांगा. मी आईला शपथ घातली, अबोला धरला, जेवलो नाही. ती म्हणाली, ‘खाऊन घी. डोंगर चडायचाय तुला.’

बुधवारी सकाळची गोष्ट. वॉर्डाच्या दारासमोरून एक म्हातारी गेली. आईपेक्षा दहा वर्षांनी तरी थोरली, तोंडात दात नाही, अंगात लोकरी जाकीट, हातात चार पायांचा वॉकर. शेजारी सून, हातात मोबाईल. ह्या सारोळ्याच्या आजी; हायवेला त्यांच्या घरच्यांचं हॉटेल आहे. त्या पलीकडं स्पेशल खोलीत होत्या. वॉकर पुढं टाकायच्या, एक पाऊल, मग करवादायच्या. ‘मेल्यांनी जीव काडला. च्या बी धड देत न्हाईत, निस्तं पानी.’

आई तिच्याकडं बघत होती. आजी परत फिरून दारापाशी आल्या तशी तिनं विचारलं, ‘काय झालंय वो आक्का तुमास्नी?’

‘बाथरूममदी पडले की. खुबा मोडला.’

आई कोपरावर उठायला बघत होती. ‘कवा?’

‘आयतवारी.’

‘कुटल्या आयतवारी?’

‘आता कुटल्या म्हंजी? ह्याच. सोमवारी आपरेशन केलं, काल हुबी केली, आज ह्या चालीवत्यात गुरावानी.’

‘हितं या,’ आई म्हणाली. ‘या वो जरा. मला उटता येत न्हाई.’

आजी टुकटुक करत खाटेपाशी आल्या. आईनं हात लांब केला आणि त्यांच्या लुगड्यावरून खुब्याला लावला. पट्टीचा फुगवटा हाताला लागला असणार. तिथंच तिनं हात ठेवला. मग आजींच्या पायाकडं बघितलं. दोन्ही पावलं फरशीवर होती. सूनबाईंना ते काही आवडलं नाही, ‘चला आई’ म्हणून त्या आजींना घेऊन गेल्या. वॉकरचा आवाज बराच वेळ येत होता.

मी म्हटलं, ‘बगितलंस का? मी काय सांगत हुतो?’

ती भलतंच बोलली. ‘कुंडलिका, आपल्या वाडीत खुबा मोडून कोन कोन गेलं रं?’

‘आता ते कशाला?’

‘सांग तर.’

मी आठवायला लागलो. ‘आपली आज्जी.’

‘तुजी आज्जी दिवाळीला पडली ती शिमग्याला गेली,’ आई म्हणाली. ‘कूस बदलताना किंचाळायची. म्या म्हनायची, आत्ती, वय झालं, सोसा आता. म्याच म्हनायची. फुडं?’

‘रतनमावशी. गोठ्यात पडली हुती ती.’

‘तिला किडं पडलं हुतं पाठीत. फुडं?’

‘खालच्या आळीतली जनाआत्या. आन् मानसिंगदादाची आई, भिमाकाकी.’

आईनं माझ्याकडं रोखून बघितलं. ‘भिमा कवा मेली?’

मी जीभ चावली. भिमाकाकी मेलेली नव्हती. होळीच्या सुमारास ती परड्यात पडली आणि तेव्हापासून मानसिंगदादाच्या आतल्या खोलीत होती. तिला भरवत होते, धुवत-पुसत होते, कुणी हयगय केली नव्हती. पण वाडीनं तिला केव्हाच जमेतून काढलं होतं. मी रोज मानसिंगदादाला बिडीबंडल देतो. काकी कशी आहे, हे मी शेवटचं कधी विचारलं, मला आठवेना. आणि मानसिंगदादा तरी? परवा डॉक्टर ‘उठतील’ म्हणाले तेव्हा तो माझ्या शेजारीच होता. कानांनी ऐकत होता. माझ्या आईसाठी फरशीवर बसून रडला. स्वतःची आई त्याला आठवली नाही. आठवली असती तर तो गप्प राहणारा माणूस नाही.

राउंडला डॉक्टर आले. आईनं त्यांची बाही धरली. ‘दादा, एक सांगा. आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या अशाच खुबा मोडून पडून पडून मेल्या. त्या उटल्या असत्या?’

डॉक्टर काहीतरी गुळमुळीत बोलणार होते, वय, साखर, रक्तदाब असलं. पण तिनं बाही सोडली नाही. मग ते म्हणाले, ‘हो आजी. बऱ्याचशा उठल्या असत्या.’

‘म्हंजी आमी त्यास्नी जित्तं पोचीवलं,’ आई म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडली. पडल्यावर रडली नव्हती, चिखलात रडली नव्हती, झोळीत रडली नव्हती. आत्ती, आत्ती म्हणत सासूला हाका मारून रडली. सगळा वॉर्ड बघत होता. डॉक्टर तसेच उभे राहिले, त्यांना पुढच्या खाटेवर जाता येईना.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि अंगठा बाहेर काढला. ‘आदी माजं करा. मला चालताना बगितल्याबिगर वाडी इस्वास ठेवायची न्हाई. आन् तू काय बगत बसलायस? लाव मानसिंगाला फोन. म्हनावं, झोळी बांद.’

मी बाहेर जिन्यात जाऊन फोन लावला. वाडीत रेंज फक्त मानसिंगदादाच्या गोठ्याच्या कोपऱ्यात येते, त्याच्या आतल्या खोलीच्या खिडकीला लागून. दोनदा कट झाला, तिसऱ्यांदा लागला. ‘काकी कशी हाय?’ त्यानं आधी तेच विचारलं.

‘तयार झाली,’ मी म्हटलं. ‘उद्या आपरेशन हाय. पन दादा, मी भिमाकाकीसाटी फोन केलाय. तिचा बी खुबाच हाय. डॉक्टर म्हनत्यात, उटल. बहुतेक उटल. तिला खाली आन.’

मला वाटलं पुन्हा कट झाला. ‘दादा? ऐकतोयस न्हवं?’

‘ऐकतोय,’ मानसिंगदादा म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. ‘थांब जरा. आई हाक मारतीया.’ आणि फोन तसाच चालू ठेवून तो आत गेला.